तुझं ऐकणारी गाडी

मनू,

तू स्वतःच्या पैशांनी गाडी घेणार आणि तीही चालवताना मजा येईल अशी, हे ऐकून मला फार बरं वाटलं. मुलीनं गाडी घ्यायची म्हटली की घरीदारी सल्ल्यांची रांग लागते. छोटी घे, पांढरी घे, विकताना किंमत येईल अशी घे. तुला चालवायला आवडेल अशी घे, असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही. मी म्हणते. बावधन ते हिंजवडी आणि परत, यात रोजचे दोन तास सहज जातात, पावसाळ्यात त्याहूनही जास्त. एवढा वेळ जिच्यासोबत काढायचा ती गाडी आवडीची असलीच पाहिजे.

पण आवड कशावरून ठरवायची, हे शोरूमची पायरी चढण्याआधी आपण दोघी बोलून घेऊ. तिथे तुला पहिला आकडा सांगतील तो ताकदीचा. इतके पीएस, शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत. आकडा खराच असतो, पण तुझ्या दिवसात तो क्वचित कामाला येतो. वाकडच्या सिग्नलला शून्य ते शंभर कुठे करणार आहेस तू? माझं म्हणणं साधं आहे. चाळीसच्या वेगात जी गाडी तुझं ऐकते, तीच रोजच्या वापरात मजा देते. शंभरच्या पुढे गेल्यावरच जिला जाग येते, तिचं आपल्या रस्त्यांवर करायचं काय?

गाडीनं ऐकणं म्हणजे काय, तेही सांगते. स्टिअरिंग जरासं वळवलंस की गाडीचं नाक लगेच वळायला हवं. वळणात ती थोडी कलणारच, पण एकदा कलली की तिथेच स्थिर राहायला हवी, डुलत राहता कामा नये. वळणाच्या मध्येच खड्डा आला तर चाकांनी रस्ता सोडू नये. ब्रेकवर पाय ठेवलास की अजून किती दाबायचाय हे पायाला कळायला हवं. या सगळ्याला मिळून लोक हँडलिंग म्हणतात आणि ती शर्यतवाल्यांची चैन आहे असं समजतात. तसं नाही गं. रिक्षा अचानक आडवी येते, पुढचा टेम्पो दिवे न लावता रस्त्यातच उभा असतो, तेव्हा त्या दोन सेकंदांत तुला वाचवतं ते हेच. म्हणून गाडीचं हँडलिंग बघ असं सांगताना मला तुझ्या हौसेइतकीच तुझी काळजीही असते.

आता एक गोष्ट लक्षात घे, म्हणजे बाजारात दिसणाऱ्या गाड्या अशा का आहेत ते कळेल. आपल्याकडे 4 मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची गाडी करात स्वस्त पडते. सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, तिच्याहून मोठीवर 40 टक्के. त्यामुळे कंपन्या गाडीची लांबी या मापात बसवतात, इंजिन छोटं ठेवतात आणि जास्त ताकद हवी असेल तर त्याला टर्बो जोडतात. ह्युंदाई आय20 3995 मिलिमीटर लांब आहे, टाटा अल्ट्रोज 3990. 4 मीटरच्या पाच-दहा मिलिमीटर आधीच थांबलेल्या या लांबीचं कारण हा कर. परवडणारी आणि चपळ गाडी आपण शोधतो, ती बहुतेक या चौकटीतच सापडते.

सगळ्यात आधी मारुतीची स्विफ्ट चालवून बघ. नाक मुरडू नकोस. गल्लोगल्ली दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, पण 2005 साली ती आपल्याकडे आली तेव्हापासून कमी पैशांत गाडी चालवायचा आनंद कितीतरी जणांना तिनंच दिला. 2024 च्या मे महिन्यात तिची चौथी पिढी आली. इंजिन 1.2 लिटरचं, तीन सिलिंडरचं, ताकद 82 पीएस. कागदावर ही ताकद किरकोळ वाटेल. पण मॅन्युअल स्विफ्टचं वजन साधारण 920 किलो आहे, आणि हँडलिंगमधली निम्मी गंमत हलकेपणात असते. हलकी गाडी वळायला, थांबायला, पुन्हा उचलायला कमी कष्ट घेते. तिची वळण्याची त्रिज्या 4.8 मीटर आहे, म्हणजे सदाशिव पेठेतल्या बोळातही यू-टर्न घेताना घाम फुटत नाही. एवढंच की या इंजिनाचा जोर 4300 आरपीएमच्या आसपास सर्वांत जास्त असतो. घाटात चढताना गिअर खाली टाकून इंजिन फिरतं ठेवावं लागतं. तुला गिअर टाकायला आवडत असेल तर यात खरी मजा आहे, कारण गाडीची सगळी ताकद तू कायदा न मोडता वापरू शकतेस. गिअरचा कंटाळा असेल तर मात्र हीच गाडी तुला दमवेल.

दुसरी आय20 एन लाइन. नावावरून गैरसमज करून घेऊ नकोस. युरोपात आय20 एन या नावानं 204 पीएसची गाडी विकली गेली, ती ही नव्हे. आपली एन लाइन 2021 मध्ये आली. तिच्यात 1 लिटरचं टर्बो इंजिन आहे, 120 पीएस ताकद आणि 172 न्यूटन मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे गाडी पुढे रेटणारा जोर. तो इथे 1500 आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो, म्हणून तिसऱ्या गिअरमध्येही गाडी अंगात आल्यासारखी पुढे जाते. साध्या आय20 पेक्षा तिचं सस्पेन्शन कडक केलंय, स्टिअरिंग जड केलंय, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिलेत. सुरुवातीला तिच्यात क्लचचं पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स यायचा. 2023 मध्ये त्याच्या जागी साधा सहा गिअरचा मॅन्युअल आला आणि गाडीचा स्वभाव सुधारला. वळणात ती नेमकी आहे, हातात धरल्यासारखी वाटते. पण कडक सस्पेन्शनची किंमत खराब रस्त्यावर मोजावी लागते. बारीक खड्डे पाठीला कळतात. तुझी कंबर मधूनमधून धरते, तेव्हा टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावरून आटपू नकोस.

तिसरी टाटा अल्ट्रोज रेसर. ही 2024 च्या जूनमध्ये 9.49 लाख एक्स-शोरूम किमतीला आली, आणि वापरलेल्या गाड्या बघताना तिच्यावर नक्की नजर ठेव. टाटाच्याच नेक्सॉनमधलं 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 120 पीएस, 170 न्यूटन मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल. कागदावर एन लाइनची जुळी बहीण, चालवायला मात्र वेगळी. तिचा पूर्ण जोर 1750 च्या पुढे मिळतो, त्याआधी गाडी थोडी सुस्त वाटते. हाच तो टर्बो लॅग. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना तो लगेच जाणवतो आणि रोजच्या रस्त्यावर गतिरोधक काही कमी नाहीत. पण अल्ट्रोजचं सस्पेन्शन आपल्या रस्त्यांना जास्त समजून घेतं. खड्डा ती गिळते, वेगात दबून बसते, जड आणि खंबीर वाटते. दारं थेट नव्वद अंशांत उघडतात, आई-बाबांना आत बसायला-उतरायला किती सोपं! तुला तेवढी चपळाई नको असेल आणि गावाकडे जाताना पाठ शाबूत राहायला हवी असेल, तर मला एन लाइनपेक्षा ही बरी वाटते.

या तिघींच्या वर एक पायरी आहे, ती तुला माहीत असावी म्हणून सांगते. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया. 1 लिटर टर्बोमध्ये 115 पीएस, 1.5 लिटरमध्ये 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. एक्स्प्रेस वेवर या गाड्या इतक्या ठाम चालतात की वेगाचं भान सुटतं, आणि म्हणूनच काट्यावर लक्ष ठेवावं लागतं. लांबच्या प्रवासाला यांच्यासारखी जोडी या पैशांत क्वचित मिळेल. पण व्हर्टस 4561 मिलिमीटर लांब आहे. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबांच्या मधून ती रोज काढायची, आणि हप्ता पगाराचा मोठा लचका तोडणार. मजेची गाडी घेऊन महिनाअखेरीला पेट्रोलचा विचार करावा लागला तर मजा कसली? तुझ्या बजेटात ती ओढूनताणून बसत असेल तर आत्ता सोडून दे.

फोक्सवॅगनच्या जुन्या पोलोचं तुला वेड आहे हे मला ठाऊक आहे. 2013 ची 1.2 टीएसआय, आणि 2020 नंतरची 110 पीएसची 1 लिटर टीएसआय, दोन्ही खरोखर गुणी. स्टिअरिंगचं वजन, दार लावल्यावर येणारा तो भरीव आवाज, वळणातला विश्वास, सगळं मान्य. 2022 मध्ये ती बंद झाली, पण चांगल्या हातातली मिळाली तर विचार करायला हरकत नाही. एवढंच बघ की सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत, आणि डीएसजी, म्हणजे ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सवर झालेल्या कामाची पावती हातात घेतल्याशिवाय बोलणी करू नकोस. रांजणगावात बनलेली 2015 ची अबार्थ पुंतो मात्र तुझ्या रोजच्या वापरासाठी नाही. 145 पीएस, हायड्रॉलिक स्टिअरिंग, मन भुलवणारी आहे, पण फियाटनं इथला कारभार गुंडाळल्यावर एकेका पार्टसाठी वाट बघत बसावं लागतं. घरात दुसरी गाडी असलेल्या हौशी माणसासाठी ती ठीक.

आता गिअरचं बोलू, कारण तुझं रोजचं सुख यावर ठरणार आहे. हिंजवडीच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. मॅन्युअलमध्ये डावा पाय दमतो, म्हणून क्लच हलका आहे ना, आणि क्लचशेजारी पाय टेकायला जागा आहे ना, हे गाडीत बसून बघ. ऑटोमॅटिकचे तीन प्रकार तुला भेटतील. एएमटी स्वस्त, पण गिअर बदलताना झटका देते. ड्युअल क्लच चपळ, मोकळ्या रस्त्यावर छान. पण या किमतीच्या गाड्यांत तिचे क्लच बहुधा कोरडे असतात आणि सतत इंचाइंचानं सरकत राहिलं तर तापतात. पुढच्या गाडीत थोडं अंतर पडू दे आणि मग एकदम सरक, ही सवय तिला मानवते. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, गर्दीत सगळ्यात मऊ. मारुती फ्राँक्सच्या 1 लिटर टर्बोला असा सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. 100 पीएस, अंगानं हलकी, आणि गर्दीत डोकं शांत ठेवणारी. वळणात एन लाइनइतकी नेमकी नाही, पण तुझा वेळ मुख्यतः गर्दीतच जाणार असेल तर तीही यादीत घाल.

सुरक्षिततेचं एक वाक्य तुला आवडो न आवडो, मी बोलणार. 2022 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत आय20 ला प्रौढांसाठी तीन तारे मिळाले होते, त्या वेळच्या, म्हणजे मागच्या पिढीच्या स्विफ्टला एक. अल्ट्रोजला 2020 मध्ये पाच, व्हर्टस-स्लाव्हियाला 2023 मध्ये पाच. तू घेशील त्याच पिढीच्या गाडीचा निकाल बघ, आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) व सहा एअरबॅग असलेलंच मॉडेल घे. सनरूफसाठी पैसे वाचवायला यातलं काही सोडू नकोस.

गाडी घेतल्यावर पहिला मोह होईल तो मोठ्या अलॉय व्हीलचा आणि रुंद टायरचा. थोडं थांब. मोठं चाक जड असतं, टायरची भिंत पातळ होते आणि खड्ड्यात ती फाटते. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगायला लागतो. कंपनीनं दिलेल्याच मापात चांगल्या पकडीचा टायर घातलास तर गाडी जास्त सुधारते. हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना बघ. वापरलेली गाडी घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का वाच. 2324 असेल तर तो टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनला. गाडी चकाचक आणि टायर सहा-सात वर्षांचे, असं दिसलं तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करून माग.

टेस्ट ड्राइव्हला एकटी जाऊ नकोस, पण तुझ्या वतीनं बोलणाऱ्या माणसालाही नेऊ नकोस. मैत्रिणीला ने. सेल्समन ठरलेल्या सरळ रस्त्यावर नेईल. तू म्हण, मला माझ्या रस्त्यावर चालवायची आहे. निघण्याआधी खुर्ची लाव. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहावा, आणि छाती व स्टिअरिंगमध्ये साधारण 25 सेंटिमीटर अंतर असावं, नाहीतर एअरबॅग उघडताना इजा होते. आपल्या उंचीच्या मुली पुढे सरकून बसतात, म्हणून खुर्चीची उंची वरखाली होते का आणि स्टिअरिंग जवळ-लांब होतं का हे नक्की बघ. बसण्याची जागा जमली नाही तर कुठलीच गाडी तुझं ऐकणार नाही. मग गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये निघ. खराब रस्त्यावर चाळीसनं जा आणि स्टिअरिंग हातात थरथरतं का बघ. एखाद्या गोल चौकाला सावकाश पूर्ण फेरी मार आणि गाडी किती कलते ते अंगाला कळू दे. मोकळी जागा बघून, मागे कुणी नसताना, एकदा जोरात ब्रेक दाब. शेवटी चढावर थांबून पुन्हा निघ. या पाच गोष्टींत तुला गाडी कळेल.

आणि घर म्हणजे आपलं चिपळूण, तेव्हा वाटेत ताम्हिणी घाट येणारच. गाडी कितीही गुणी असो, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला लागणारं अंतर जवळपास चौपट होतं, हे गणित कुठल्याच कंपनीला बदलता येत नाही. वळणाच्या आधी, चाकं सरळ असतानाच ब्रेक लाव आणि वळणातून बाहेर पडताना हळूच पाय दे. मी सांगितलेल्या सगळ्या गाड्यांना पुढची चाकंच ओढतात आणि वळवतातही. जास्त वेगात वळणात घुसलीस तर पुढची पकड सुटते आणि गाडी वळायच्या ऐवजी बाहेर सरळ जाऊ लागते. अशा वेळी घाबरून स्टिअरिंग आणखी वळवू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोड, पकड परत येते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेक तापत नाहीत. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, मग समोरचा कितीही घाईत असो.

आता माझं मत विचारशील तर सांगते. आठवड्याचे पाच दिवस हिंजवडी आणि महिन्यातून एकदा चिपळूण, या तुझ्या आयुष्याला मी मॅन्युअल एन लाइन पहिली ठेवीन, तुझ्या कमरेला तिचं सस्पेन्शन चाललं तर. नाही चाललं तर स्विफ्ट मॅन्युअल, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर व ड्रायव्हिंगचं एखादं प्रगत प्रशिक्षण. ते प्रशिक्षण जास्तीच्या चाळीस पीएसपेक्षा तुला जास्त मजा देईल, कारण ते गाडी बदलली तरी तुझ्यासोबत राहतं.

कर्ज तुझ्या नावावर, आरसी तुझ्या नावावर, विम्याचे कागद तुझ्या मोबाइलमध्ये. ऑन-रोड किमतीचं कोटेशन कागदावर घे आणि त्यात बळंच घातलेल्या अ‍ॅक्सेसरीज खोडायला सांग. येत्या शनिवारी स्विफ्ट आणि एन लाइन एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, पाठोपाठ चालव. दोन्हींमधून उतरल्यावर कुणाचंही मत ऐकण्याआधी तुला काय वाटलं ते लिहून ठेव, आणि मग मला फोन कर. मी ऐकेन, पण ठरवायचं तूच.

तुझी,
ताई